बारा-चोवीस व्होल्टच्या एलईडीला वायर किती जाड घ्यायची?

नाशिकला ताईच्या हॉलमध्ये पीओपीचं काम झालं, तेव्हा छताच्या कडेच्या खोबणीत एलईडी पट्टी बसवली होती. पाच-पाच मीटरची दोन रिळं एकापुढे एक जोडलेली. पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की टीव्हीच्या बाजूला बरा उजेड पडतोय आणि सोफ्याच्या कोपऱ्यात नुसती मंद धुगधुगी. वायरमन म्हणाला, पट्टीच खराब निघाली. ताईने रीळ बदलून आणलं, तेही तसंच. मी गेलो तेव्हा मल्टिमीटर लावला. एसएमपीएसच्या (२३० व्होल्टचे १२ करून देणाऱ्या डब्याच्या) टर्मिनलवर १२.० व्होल्ट, पट्टी जिथून सुरू होते तिथे १०.६ आणि शेवटच्या टोकाला ९.७. पट्टीत काहीही दोष नव्हता. एसएमपीएस टीव्ही युनिटच्या मागे ठेवला होता आणि तिथून सात मीटर ०.७५ ची, म्हणजे तांब्याचा छेद ०.७५ चौरस मिलिमीटर असलेली, बारीक वायर ओढली होती (पुढे वायरीची ‘जाडी’ म्हणजे हाच आकडा). जवळजवळ दीड व्होल्ट त्या वायरीतच खर्ची पडत होते.

ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि दर वेळी दोष पट्टीवर किंवा ‘चायना माला’वर जातो. खरं कारण बहुतेक वेळा वायरीची लांबी आणि जाडी यांचा न केलेला हिशोब असतं. हिशोब सोपा आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतो. तो करायचा कसा आणि उत्तर फार जाड आलं तर काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

घरच्या वायरिंगची सवय इथे का फसवते

आपल्याकडे वायरमनच्या डोक्यात एक पक्का नियम असतो: लाइट-पंख्याला एकची किंवा दीडची, प्लगला अडीचची, एसी-गीझरला चारची. हा नियम २३० व्होल्टसाठी बरोबर आहे. तो बसवलाय वायर तापू नये म्हणून. त्या नियमाने पाहिलं तर शंभर वॉटच्या एलईडी पट्टीला ०.७५ ची वायरही जास्तच वाटते.

आता आकडे बघा. ९६ वॉटचा भार २३० व्होल्टवर साधारण ०.४२ अँपिअर घेतो. तोच भार १२ व्होल्टवर ८ अँपिअर घेतो, म्हणजे एकोणीस पट. शिवाय २३० व्होल्टमध्ये दोन व्होल्ट वाटेत गेले तर कुणाला कळतही नाही, पण १२ मधून दोन गेले तर सहावा हिस्सा गेला. प्रवाह एकोणीस पट वाढला आणि गमावायची मुभा एकोणीस पट कमी झाली. म्हणून लो व्होल्टेजला वायर ‘किती अँपिअर सोसते’ यापेक्षा ‘वाटेत किती व्होल्ट खाते’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

एलईडी पट्टीत हा मार आणखी जोरात बसतो. साध्या पांढऱ्या १२ व्होल्ट पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी ओळीने जोडणी असते. एका एलईडीला साधारण ३.१ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांचे ९.३. उरलेले २.७ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि प्रवाह किती वाहायचा ते तेवढ्या २.७ वरून ठरतं. पट्टीपर्यंत १२ ऐवजी ११ च व्होल्ट पोहोचले, तर रेझिस्टरच्या वाट्याला १.७ उरतात. व्होल्टेज आठ टक्क्यांनी घटलं, पण प्रवाह मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने, आणि उजेडही त्याच प्रमाणात. जुना पिवळा बल्ब थोडा मंद झाला असता, एलईडी पट्टी एकदम खाली बसते. हे गणित एकदा मनात उतरलं की पाव-अर्धा व्होल्ट वाचवण्यासाठी एवढा खटाटोप का, हे आपोआप पटतं.

पहिली पायरी: तुमचा दिवा कोणत्या जातीचा

सगळ्या एलईडीला हा हिशोब लागू नाही. ड्रायव्हरवरचं, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा; एसएमपीएस हाही ड्रायव्हरच. त्यावर आउटपुट ‘१२ व्होल्ट डीसी’ किंवा ‘२४ व्होल्ट डीसी’ असं ठाम लिहिलेलं असेल, तर तो स्थिर व्होल्टेजचा ड्रायव्हर. पट्ट्या, बागेतले छोटे दिवे, साइनबोर्डची मॉड्यूल्स याच जातीची असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

लेबलवर ‘३०० मिलिअँपिअर, २४ ते ४२ व्होल्ट’ असं काही असेल तर तो स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर. छतात बसवायचे गोल डाउनलाइट बहुतेक असेच येतात. वाटेत अर्धा व्होल्ट गेला तरी तो ड्रायव्हर आपलं व्होल्टेज तेवढं वाढवून प्रवाह तोच ठेवतो. तिथे चार-पाच मीटरला ०.७५ ची वायर निवांत चालते.

दुसरी पायरी: एका वायरीवर किती वॉट

रिळाच्या पाकिटावर मीटरला किती वॉट ते लिहिलेलं असतं. मीटरला ६० छोटे एलईडी असलेली पट्टी साधारण ४.८ वॉटची, १२० वाली ९.६ ची आणि मोठ्या ५०५० एलईडीची ६० वाली १४.४ वॉटची. पाच मीटरच्या रिळाला हे पाचने गुणा: २४, ४८ किंवा ७२ वॉट.

इथे घरभराची बेरीज करायची नाही. एका वायरीतून जेवढा भार जातो तेवढाच धरायचा. तीन रिळांना तीन वेगळ्या वायरी गेल्या असतील तर तीन वेगळे हिशोब.

तिसरी पायरी: लांबी मोजा, पण वायर जाईल तशी

ड्रायव्हरपासून पट्टीच्या सुरुवातीपर्यंत वायर भिंतीतून वर, छतातून वळसा घेऊन, पुन्हा खाली अशी जाते. टेप त्याच वाटेने धरा. डोळ्यांना चार मीटर दिसणारं अंतर सहा-सात भरतं. फक्त जाण्याची लांबी धरायची, परतीची वायर सूत्रात आधीच मोजली आहे.

चौथी पायरी: खरा हिशोब

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, मीटरभर लांब, बहुतारी तांब्याच्या वायरीचा रोध सुमारे ०.०१९५ ओहम असतो. जायची आणि यायची मिळून ०.०३९, म्हणजे ०.०४ धरू. यावरून वाटेत गेलेले व्होल्ट असे:

गेलेले व्होल्ट = ०.०४ × मीटर × अँपिअर ÷ वायरीची जाडी

मी १२ व्होल्टला ०.४ आणि २४ व्होल्टला ०.८ व्होल्टची मुभा देतो. दोन्हीकडे ती साधारण सव्वातीन टक्के होते. ०.४ व्होल्ट गेल्याने पट्टीचा उजेड दहा-पंधरा टक्के उतरतो. एकसारखा उतरला तर तो डोळ्यांना जाणवत नाही. ही मुभा वरच्या सूत्रात घातली आणि अँपिअरच्या जागी वॉट घेतले, की लक्षात ठेवायला सोपे असे दोनच आकडे उरतात:

१२ व्होल्ट: मीटर × वॉट ÷ १२० = लागणारी जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये

२४ व्होल्ट: मीटर × वॉट ÷ ४८० = लागणारी जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये

उत्तर आलं की बाजारात मिळणारा त्याच्या वरचा आकार घ्यायचा: ०.५, ०.७५, १, १.५, २.५, ४, ६.

ताईच्या हॉलला लावून बघू. ७ मीटर, ९६ वॉट, १२ व्होल्ट. ७ × ९६ ÷ १२० = ५.६, म्हणजे सहाची वायर हवी होती आणि तिथे ०.७५ ची होती. तेच २४ व्होल्टवर ७ × ९६ ÷ ४८० = १.४, म्हणजे दीडची पुरली असती. व्होल्टेज दुप्पट केलं की वायर चौपट बारीक चालते: प्रवाह निम्मा होतो आणि मुभा दुप्पट मिळते. नवीन काम काढणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. पट्टी अजून विकत घेतली नसेल तर २४ व्होल्टची घ्या. किमतीत फारसा फरक नसतो आणि पुढचा अर्धा त्रास तिथेच संपतो.

एक खबरदारी. लांबी फार कमी असली की या सूत्राचं उत्तर नको इतकं बारीक येतं. ड्रायव्हर अर्ध्या मीटरवर आहे, भार १२ व्होल्टवर १४४ वॉट, तर सूत्र म्हणेल ०.६. पण प्रवाह १२ अँपिअर आहे आणि तेवढ्यात ०.७५ ची वायर तापेल. म्हणून उत्तर आल्यावर वायरीची सोसण्याची ताकदही बघायची. बंद पाइपात किंवा छताच्या आत माझा हात राखूनचा अंदाज असा: ०.५ ला ३ अँपिअर, ०.७५ ला ६, एकच्या वायरीला १०, दीडला १३, अडीचला १८. दोन्ही कसोट्यांतली जी जाड निघेल ती घ्यायची. पीओपीच्या वर, स्लॅबखाली, मे महिन्यात जळगाव-नागपूरकडे भलतीच उष्णता साठते आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. उत्तर अगदी काठावर आलं असेल, समजा १.४५, तर दीडवर न थांबता एक पायरी वर जावं.

पाचवी पायरी: जाड वायर आणण्याआधी मांडणी बदलून बघा

सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप इथे वाचतो. उत्तर चार किंवा सहा आलं म्हणून लगेच जाड वायर आणू नका. चारची वायर पट्टीच्या नखाएवढ्या तांब्याच्या टिकलीवर सोल्डर होत नाही, आणि छताच्या खोबणीत ती वाकवताना पट्टीच उखडते. सूत्रात तीन गोष्टी आहेत: लांबी, वॉट आणि व्होल्ट. यातलं काय बदलता येतं ते आधी बघा.

लांबी कमी करणं सगळ्यात सोपं. ड्रायव्हर पट्टीजवळ न्या आणि लांबचा प्रवास २३० व्होल्टला करू द्या. ताईकडे आम्ही हेच केलं. छतात दोन रिळांच्या सांध्याजवळच एक जुना लाइट पॉइंट बंद पडून होता. तिथे २३० व्होल्ट तयारच होते. एसएमपीएस तिथे वर सरकवला. दोन्ही रिळं सांध्यावर तोडली आणि प्रत्येकाला दीड मीटरची स्वतंत्र वायर दिली. १.५ × ४८ ÷ १२० = ०.६. म्हणजे आधी दोषी ठरलेली तीच ०.७५ ची वायर आता पुरेशी झाली. मीटर लावला तर दोन्ही पट्ट्यांच्या सुरुवातीला ११.७. सोफ्याचा कोपरा आणि टीव्हीचा कोपरा सारखे उजळले, आणि नवीन काहीही विकत आणलं नव्हतं.

मात्र ड्रायव्हर छतात ठेवायचा तर तो हाताला येईल अशी झाकणाची जागा ठेवा आणि चारी बाजूंनी हवा खेळू द्या. आतले कपॅसिटर उष्णतेने लवकर मरतात. दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ड्रायव्हर त्याच्या लेबलावरच्या वॉटच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच वापरा. ९६ वॉटच्या पट्ट्यांना १२० चा घ्या, शंभरचा नको.

दुसरा उपाय म्हणजे भार विभागणं. रिळापुढे रीळ कधीही जोडू नका. पट्टीच्या आतला तांब्याचा पत्रा कागदासारखा पातळ असतो. पुढच्या रिळाचा सगळा प्रवाह मागच्याच्या पोटातून गेला, तर वायर कितीही जाड असली तरी शेवटचं टोक मंदच राहणार. १२ व्होल्टची पट्टी एका बाजूने पाच मीटर आणि २४ ची साधारण दहा मीटर, याच्या पलीकडे जायचं असेल तर तिथपर्यंत वेगळी वायर न्या. एकाच पट्टीला दोन्ही टोकांनी पुरवठा दिला तर आतल्या पत्र्यावरचं व्होल्टेजचं नुकसान सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतं. भारी पट्टीला हा उपाय फार उपयोगी पडतो.

एक पुरा नमुना देतो. साडेचार बाय साडेतीन मीटरच्या हॉलला चारी बाजूंनी पट्टी, घेर सोळा मीटर, कोपरे सोडून पंधरा मीटर पट्टी. मीटरला ९.६ वॉट, एकूण १४४ वॉट. ड्रायव्हर सहा मीटरवर.

१२ व्होल्ट, एकच वायर: ६ × १४४ ÷ १२० = ७.२. विसरून जा.

२४ व्होल्ट, एकच वायर: ६ × १४४ ÷ ४८० = १.८, म्हणजे अडीचची.

२४ व्होल्ट, तीन रिळांना तीन वायरी: जवळच्या रिळाला ६ × ४८ ÷ ४८० = ०.६, म्हणजे ०.७५ ची; सगळ्यात लांबच्या रिळापर्यंत वायर साडेतेरा मीटर भरली तर १३.५ × ४८ ÷ ४८० = १.३५, म्हणजे दीडची.

मी तिसरी मांडणी निवडतो आणि तिन्ही वायरी दीडच्याच टाकतो. एकच बंडल लागतं, आणि उद्या एका रिळात बिघाड झाला तर बाकीचे दोन चालू राहतात.

भार वाटेवर विखुरलेला असेल तर

कोकणातल्या घराला फाटकापासून ओटीपर्यंत पायवाटेच्या कडेने दिवे लावायचे असतात. इथे सगळा भार टोकाला नसतो, दिव्यागणिक वायरीतला प्रवाह कमी होत जातो. अशा वेळी प्रत्येक दिव्याचं ड्रायव्हरपासूनचं अंतर त्याच्या वॉटने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. हीच बेरीज मीटर × वॉटच्या जागी घाला.

समजा पाच वॉटचे सहा दिवे, पहिला सहा मीटरवर, पुढे दर तीन मीटरला एक: ६, ९, १२, १५, १८, २१. अंतरांची बेरीज ८१, गुणिले ५ म्हणजे ४०५. बारा व्होल्टला ४०५ ÷ १२० = ३.४, चारची वायर. चोवीसला ४०५ ÷ ४८० = ०.८४, एकची वायर. सगळा भार टोकाला धरला असता तर बारा व्होल्टला सव्वापाच आलं असतं आणि उगाच सहाची वायर आणली असती.

गोठ्यात किंवा शेतघरात सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर दिवे असतात, तिथे मात्र जपून. बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर आणि उतरताना ११.५ च्या आसपास असते. आधीच उतरलेल्या बॅटरीतून वाटेत अर्धा व्होल्ट गेला तर पहाटे धारेच्या वेळी नेमका दिवा मिणमिणतो. वीस वॉटचा दिवा तीस मीटरवर: ३० × २० ÷ १२० = ५, म्हणजे सहाची वायर. एवढ्या लांब एका दिव्यासाठी सहाची तांब्याची वायर टाकण्यापेक्षा बॅटरी गोठ्याजवळ नेणं किंवा कमी वॉटचा चांगला दिवा घेणं मला पटतं.

रंगीत पट्टी आणि गणपतीची आरास

लाल-हिरवी-निळी पट्टी चार वायरींची असते. तीन रंगांच्या तीन आणि एक सामाईक प्लस. तिन्ही रंग पूर्ण लागले की प्लसमधून तिघांचा प्रवाह एकत्र जातो. चारही वायरी एकाच जाडीच्या घेतल्या तर प्लस अपुरी पडते. पाच मीटर, ७२ वॉट, १२ व्होल्टच्या रिळाला प्लसमधून ६ अँपिअर आणि प्रत्येक रंगातून २ जातात. चार मीटर अंतराला प्लस अडीचची आणि रंगांच्या ०.७५ च्या घेतल्या की एकूण ०.४ व्होल्टच जातात. अशा पट्टीत वायर बारीक असल्याची खूणही ठरलेली असते: पांढरा रंग लावला की लांबचं टोक लालसर दिसतं. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास पेटतो, हिरव्या-निळ्याला तीनच्या वर लागतात, त्यामुळे व्होल्टेज घटलं की हे दोघे आधी ढेपाळतात आणि लाल टिकून राहतो.

मखरासाठी हल्ली पिक्सेल पट्टी वापरतात, ज्यात प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा हलवता येतो. ती बहुतेक ५ व्होल्टची असते आणि हिशोबाने सगळ्यांत कडक. एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. मीटरला साठ, पाच मीटरला तीनशे, म्हणजे १८ अँपिअर. पाच व्होल्टमध्ये पाव व्होल्टचीच मुभा धरली तर सूत्र होतं मीटर × अँपिअर ÷ ६. ड्रायव्हर दोन मीटरवर असेल तर २ × १८ ÷ ६ = ६, सहाची वायर! म्हणून एसएमपीएस मखराच्या मागेच ठेवा, पट्टीला सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी पुरवठा द्या, आणि कंट्रोलरमध्ये उजेडाची मर्यादा चाळीस-पन्नास टक्क्यांवर बांधा. आरास तेवढ्यातही झगमगते. कंट्रोलर वेगळ्या ॲडाप्टरवर चालत असेल तर त्याची आणि पट्टीची मायनस एकत्र जोडलीच पाहिजे, नाहीतर दिवे वेडेवाकडे लुकलुकतात. मखरात कापड, थर्माकोल, कागदी फुलं असतात, त्यामुळे तापणारी बारीक वायर तिथे सगळ्यात घातक.

दुकानात काय मागायचं

‘गेज’ हा शब्द दुकानात जपून वापरा. गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते, आणि गेज दोन प्रकारचे आहेत. इंटरनेटवरचे तक्ते अमेरिकन गेजचे असतात, आपल्याकडचे जुने जाणते ब्रिटिश गेज बोलतात. १८ गेज अमेरिकन म्हणजे ०.८२ चौरस मिलिमीटर, १८ गेज ब्रिटिश म्हणजे १.१७. एकच आकडा, चाळीस टक्के फरक. अमेरिकन तक्ता वाचताना १८ म्हणजे ०.८२, १६ म्हणजे १.३, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३ असं बदलून घ्या. दर तीन गेजला जाडी निम्मी होते.

जुन्या इमारतीत ३/२०, ७/२० अशा वायरी सापडतात. ब्रिटिश २० गेजच्या तीन किंवा सात तारा, म्हणजे साधारण २ आणि ४.६ चौरस मिलिमीटर. काही दुकानांत फ्लेक्सिबल वायरीला अजून ‘तेवीस-शहात्तर’, ‘चाळीस-शहात्तर’ म्हणतात. ७६ म्हणजे ०.००७६ इंच जाडीची तार, आणि तेवीस किंवा चाळीस ही तारांची संख्या. हिशोबाने त्या सुमारे ०.६७ आणि १.१७ चौरस मिलिमीटर होतात. हल्लीच्या ९० मीटरच्या कॉइलवर २२/०.३ किंवा ३६/०.३ असं छापलेलं असतं: ०.३ मिलिमीटरच्या बावीस तारा म्हणजे दीडची, छत्तीस तारा म्हणजे अडीचची. सरळ ‘दीडची बहुतारी तांब्याची, आयएस ६९४ (वायरींचं भारतीय मानक) छाप असलेली’ असं मागा. घोटाळा होत नाही.

सगळ्यात मोठी फसवणूक लाल-काळ्या जोड वायरीत असते, जी स्पीकरसाठी आणि पट्टीसाठी स्वस्तात मिळते. त्यातली बरीचशी ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे दीडची म्हणून आणलेली वायर एकच्याही खालचं काम करते. ओळखायला सोपं आहे. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनिअम. किंवा लायटरच्या ज्योतीत एक तार धरा: तांबं लाल होऊन टिकतं, ॲल्युमिनिअम वितळून तुटतं. दुकानदारासमोरच हे करायला संकोच वाटू देऊ नका.

जोड, फ्यूज आणि खुणा

हिशोबाने घेतलेली अडीचची वायर शेवटी एका सैल जोडावर वाया जाते. रिळाला कारखान्यातून चिकटवून येणारी वितभर वायर बहुधा ०.३३ चौरस मिलिमीटरची असते. हलक्या पट्टीला ती चालते, ७२ वॉटच्या १२ व्होल्ट रिळाला ती काढून सरळ टिकलीवर जाड वायर सोल्डर करा. प्लास्टिकच्या चिमटा-कनेक्टरवर मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षभरात हिरवट थर चढतो आणि पट्टी लुकलुकायला लागते. सोल्डर आणि त्यावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी, याला पर्याय नाही. एसएमपीएसच्या स्क्रूखाली मोकळ्या तारा दाबण्यापेक्षा लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, लावा.

फ्यूज बहुतेक जण विसरतात. मोठा एसएमपीएस, समजा १२ व्होल्ट ३५० वॉटचा, २९ अँपिअर देऊ शकतो. त्यावर वीस मीटरची ०.५ ची वायर आहे आणि शेवटच्या टोकाला शॉर्ट झालं. वायरीचा रोध ०.०४ × २० ÷ ०.५ = १.६ ओहम, म्हणजे प्रवाह साडेसात अँपिअर. एसएमपीएसला तो नेहमीचाच भार वाटतो, तो बंद होत नाही. पण तीन अँपिअरच्या लायकीची वायर छताच्या आत तापत राहते. म्हणून प्रत्येक शाखेला सुरुवातीलाच वेगळा फ्यूज हवा: भाराच्या सव्वापट, आणि वायरीच्या ताकदीपेक्षा कमी. ४८ वॉटच्या रिळाला १२ व्होल्टवर ५ अँपिअरचा, २४ वर ३ चा. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पात्याचे फ्यूज आणि त्यांचे होल्डर सहज मिळतात.

रंगांबद्दल एक गंभीर गोष्ट. डीसीला लाल प्लस आणि काळी मायनस वापरतात. पण आपल्या घरांत २३० व्होल्टचा फेजही लाल आणि न्यूट्रल काळा असतो. चार वर्षांनी कुणी वायरमन छत उघडेल तेव्हा त्याला दोन सारख्या जोड्या दिसतील. एकीत १२ व्होल्ट, दुसरीत जीव घेणारे २३०. दोन्ही टोकांना पक्क्या शाईने व्होल्टेज लिहिलेली पट्टी बांधा आणि दोन्ही वायरी एका पाइपातून नेऊ नका.

छत बंद करण्याआधी

पीओपीवाल्याला शेवटचा पत्रा लावू देण्याआधी सगळे दिवे पूर्ण उजेडावर लावा आणि अर्धा तास चालू ठेवा. दिवे बंद असताना मोजलेलं व्होल्टेज काहीच सांगत नाही, कारण प्रवाह नसला की नुकसानही नसतं. सगळीकडे सुरेख १२ दिसतात. दिवे चालू असताना तीन ठिकाणी मोजा: ड्रायव्हरच्या टर्मिनलवर, पट्टीच्या सुरुवातीला, पट्टीच्या शेवटी. पहिल्या दोहोंतला फरक १२ व्होल्टच्या कामात ०.४ च्या आत हवा, २४ च्या कामात ०.८ च्या. जास्त असेल तर वायर किंवा जोड. सुरुवात आणि शेवट यात मोठा फरक असेल तर दोष वायरीचा नाही, पट्टीला दुसऱ्या टोकानेही पुरवठा द्या.

एसएमपीएसवर व्होल्टेज वाढवायचा छोटा स्क्रू असतो. तीन-चार टक्के कमी पडत असेल आणि सगळ्या पट्ट्या सारख्याच अंतरावर असतील, तर १२ चे १२.४ करायला हरकत नाही. एक पट्टी जवळ आणि एक लांब असेल तर त्याला हात लावू नका, जवळची पट्टी जादा प्रवाहाने तापून लवकर पिवळी पडेल.

मग प्रत्येक जोडावर आणि ड्रायव्हरजवळच्या वायरीवर बोट ठेवून बघा. कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर ती जागा उघडा. तिन्ही आकडे आणि वायरीची जाडी ड्रायव्हरच्या झाकणावर आतून लिहून ठेवा, तारखेसह. ताईच्या छतातल्या झाकणाच्या आत ते अजून तसेच लिहिलेले आहेत.